नित्याची औषधे आणि पोषणाचा विसरलेला हिशेब

महाराष्ट्रातील बहुसंख्य डॉक्टर, दंतवैद्य, वैद्य आणि परिचारिका ज्या विद्यापीठाची पदवी घेऊन बाहेर पडतात, ते महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय नाशिकला आहे. मंत्रभूमी आणि यंत्रभूमी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या नगराला त्यामुळे आरोग्यशिक्षणाच्या राजधानीचा मानही मिळाला आहे. निदान या गावी तरी एक साधा प्रश्न विचारला जावा, अशी अपेक्षा गैर ठरू नये. जी गोळी माणसाने दहा-वीस वर्षे, कदाचित आमरण, रोज घ्यावयाची आहे, ती रोगाला आवरताना शरीरातून आणखी काय हिरावून नेते, याचा हिशेब कोण ठेवतो?

पन्नास-साठ वर्षांपूर्वी औषध ही प्रसंगोपात घ्यावयाची वस्तू होती. विषमज्वर झाला, हिवताप आला, की काही दिवस औषध घ्यावे, बरे व्हावे आणि बाटली फेकून द्यावी, असा क्रम असे. आज पंचवटीपासून देवळालीपर्यंत कोणत्याही मध्यमवर्गीय घराच्या फडताळात पाहावे. मधुमेहाची गोळी, रक्तदाबाची गोळी आणि सकाळी उपाशीपोटी घ्यावयाची आम्लपित्ताची गोळी, ही त्रयी मिठाच्या बरणीइतकीच नित्याची झालेली दिसेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर आहे. औषध आता अन्नासारखे रोज पोटात जाऊ लागले आहे. तेव्हा त्याची परीक्षा केवळ रोगाच्या मापाने करून भागणार नाही, पोषणाचे मापही त्याला लावावे लागेल.

औषधांमुळे पोषक द्रव्यांची उणीव निर्माण होते ती मुख्यतः चार वाटांनी. काही औषधे आतड्यातून होणारे शोषण मंद करतात. काही औषधे मूत्रावाटे क्षार बाहेर टाकावयास लावतात. काही यकृतातील विकरांना चेतवून जीवनसत्त्वाचे विघटन वाढवितात. आणि काही औषधे जीवनसत्त्वाच्या कार्यालाच प्रतिबंध करतात. या चारही वाटा वैद्यकशास्त्राला अनेक दशकांपासून ठाऊक आहेत. प्रश्न अज्ञानाचा नसून विस्मरणाचा आहे, आणि म्हणूनच तो अधिक गंभीर आहे.

मुंबईतील गिरणगावाचा धडा

या विषयाचा एक धागा महाराष्ट्रातूनच गेलेला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स नावाची इंग्रज संशोधक मुंबईस आली. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर स्त्रियांना ग्रासणाऱ्या घातक रक्तक्षयाचा शोध घेणे हे तिचे काम होते. यीस्टच्या स्वस्त अर्काने या स्त्रियांचा रक्तक्षय हटतो, हे तिने १९३१ मध्ये जगापुढे मांडले. त्या अर्कातील जे द्रव्य गुणकारी ठरले, त्यालाच पुढे फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. आंध्रातून अमेरिकेत गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखालील प्रयोगशाळेने १९४५ च्या सुमारास हे द्रव्य कृत्रिम रीतीने तयार केले. आणि त्याच प्रयोगशाळेने फॉलिक आम्लाच्या कार्यात अडथळा आणणारी द्रव्येही बनविली. मेथोट्रेक्सेट हे त्यांपैकी एक. आरंभी कर्करोगासाठी वापरले गेलेले हे औषध आज संधिवाताच्या असंख्य रुग्णांना आठवड्यातून एकदा दिले जाते.

या इतिहासात बोध आहे. मेथोट्रेक्सेट देणारा डॉक्टर त्याच चिठ्ठीवर फॉलिक आम्लाची गोळीही लिहून देतो, कारण हे औषध कोणत्या द्रव्याच्या आड येते ते त्याला पक्के ठाऊक असते. औषध थांबविले जात नाही आणि उणीवही वाढू दिली जात नाही. एका हाताने घेतलेले दुसऱ्या हाताने परत करण्याचा हा न्याय वैद्यकाने येथे पाळला. तोच न्याय अधिक सामान्य औषधांच्या बाबतीत मात्र का पाळला जात नाही, हे विचारण्याचा अधिकार रुग्णाला आहे.

मधुमेहाची गोळी आणि शाकाहारी ताट

यातील सर्वांत ठळक उदाहरण मेटफॉर्मिनचे. १९५७ मध्ये फ्रान्समध्ये प्रथम उपयोगात आणलेले हे औषध स्वस्त, परिणामकारक आणि सुरक्षित म्हणून जगभर मान्यता पावले आहे, आणि ती मान्यता रास्त आहे. परंतु आतड्याच्या शेवटच्या भागात ब-१२ या जीवनसत्त्वाचे जे शोषण होते, त्यात ते बाधा आणते, ही गोष्ट १९७० च्या आसपासच वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली होती. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंधाच्या प्रदीर्घ अभ्यासाने २०१६ मध्ये तिला पुष्टी दिली. ब्रिटनच्या औषध-नियंत्रण संस्थेने जून २०२२ मध्ये ब-१२ ची घट हा या औषधाचा नेहमी आढळणारा दुष्परिणाम असल्याचे जाहीर केले, आणि लक्षणे दिसणाऱ्या तसेच जोखमीच्या रुग्णांत या जीवनसत्त्वाची तपासणी करावी असे डॉक्टरांना बजावले. औषधाची मात्रा जितकी अधिक आणि काळ जितका दीर्घ, तितका धोका वाढतो.

पाश्चात्त्य देशांत ही सूचना मांसाहारी समाजाला केलेली आहे. महाराष्ट्रातील स्थिती त्याहून बिकट आहे. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते. ते मिळते दूध, अंडी, मासे व मांस यांतून. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी पुणे परिसरातील ४४१ पुरुषांची पाहणी करून २००६ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते डोळ्यांत अंजन घालणारे होते. एकूण ६७ टक्के पुरुषांत ब-१२ ची पातळी कमी आढळली. शहरी मध्यमवर्गात हेच प्रमाण ८१ टक्के होते! खेड्यातील शेतकऱ्यापेक्षा शहरातील सुस्थित कारकुनाची या बाबतीत अधिक दैना असावी, हे वरकरणी विपरीत वाटते. कारण बव्हंशी ताटात आहे. चहात घातलेल्या दोन चमचे दुधावर शरीराची ही गरज भागत नाही.

नाशिक आणि पुणे यांच्या आहारात आणि राहणीत असे काय अंतर आहे, की येथील चित्र वेगळे असावे? ज्याच्या शरीरात या जीवनसत्त्वाचा साठा आधीच तोकडा आहे, अशा माणसाला त्याचे शोषण रोखणारे औषध वर्षानुवर्षे दिले जाते. शिल्लक नसलेल्या खात्यातून रोज रक्कम काढण्यासारखाच हा व्यवहार आहे.

याचा परिणाम एका दिवसात दिसत नाही, हीच खरी अडचण. शरीराची गरज दिवसाला अवघी दोन-अडीच मायक्रोग्रॅमची. आणि यकृतातला साठा चांगला असेल तर तो काही वर्षे पुरतो. त्यामुळे गोळी सुरू झाल्यानंतर कित्येक वर्षांनी हातापायांना मुंग्या येऊ लागतात, तळपाय बधिर होतात, चालताना तोल जातो, थकवा येतो, विसराळूपणा वाढतो. मधुमेहामुळे मज्जातंतूंना इजा झाली म्हणजे हुबेहूब हीच लक्षणे दिसतात. साहजिकच दोष मधुमेहाच्या माथी मारला जातो, बधिरतेवर आणखी एक गोळी सुरू होते, आणि ज्या उणिवेवर सोपा व स्वस्त उपाय आहे ती तशीच राहते. दीर्घकाळ उपेक्षिलेली मज्जातंतूंची हानी पुढे भरून निघेलच, अशी शाश्वती नसते.

आम्लपित्ताची सवय

याच संकटाला दुसऱ्या दाराने वाट करून देणारी गोळी म्हणजे जठरातील आम्ल दाबणारी ओमेप्राझोल, पँटोप्राझोल आदी औषधे. अन्नातील प्रथिनांपासून ब-१२ मोकळे करावयास आम्ल लागते. लोहाच्या शोषणालाही ते साहाय्य करते. हे आम्लच वर्षानुवर्षे दाबून ठेवले तर काय होईल? कॅलिफोर्नियातील एका मोठ्या अभ्यासात, ही औषधे दोन वर्षे वा त्याहून अधिक काळ घेणाऱ्यांत ब-१२ च्या न्यूनतेचे निदान अधिक प्रमाणात झाल्याचे २०१३ मध्ये दिसून आले. त्याआधी, मार्च २०११ मध्ये, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या औषधांच्या दीर्घ वापराने रक्तातील मॅग्नेशियम घटू शकते असा इशारा दिला होता. मॅग्नेशियम फारच खाली गेल्यास स्नायूंना पेटके येतात आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते.

जठरव्रण असलेल्या रुग्णाला ही औषधे वरदान आहेत, याविषयी दुमत नाही. आक्षेप आहे तो त्यांच्या सैल वापराला. कायद्याने ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकावयाची नसतात. प्रत्यक्षात मात्र नाशिकची झणझणीत मिसळ खाण्यापूर्वी खबरदारी म्हणून गोळी घेणारे, आणि एकदा सहा आठवड्यांसाठी लिहून दिलेली गोळी सहा वर्षे घेणारे, यांची वाण नाही. ती कधी थांबवावयाची हे कोणी सांगितलेले नसते, आणि विचारावे असे रुग्णालाही वाटत नाही. शाकाहारी जेवण, मधुमेहाची गोळी आणि आम्लपित्ताची गोळी ही तिन्ही एकाच देहात एकत्र आली म्हणजे ब-१२ च्या तिन्ही वाटा बंद होतात. आणि साठी उलटलेल्या कोणत्या निवृत्त शिक्षकाच्या घरी हे त्रिकूट आढळणार नाही?

इतर औषधांचा पाढाही लांबविता येईल. परंतु त्यांतील काहींचा नुसता निर्देश पुरेसा आहे. रक्तदाबासाठी व सुजेवर देण्यात येणारी मूत्रल औषधे लघवीवाटे पोटॅशियम व मॅग्नेशियम घालवितात. फ्युरोसेमाइडने ब-१ हे जीवनसत्त्वही कमी होऊ शकते. अपस्मारावरील फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन यांसारखी जुनी औषधे यकृतात ‘ड’ जीवनसत्त्वाचे विघटन वाढवितात, आणि त्यामुळे वाढत्या वयातील मुलांची हाडे कमकुवत होण्याचा धोका असतो. प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉइडे कॅल्शियमचे शोषण कमी करून हाडे पोखरतात. अंगदुखीवर रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी जठरातून नकळत रक्त झिरपत राहते आणि लोहाची तूट पडते.

क्षयरोगाने दाखविलेली वाट

हे सारे टाळता येण्याजोगे आहे काय? त्याचे उत्तर सार्वजनिक आरोग्ययंत्रणेनेच एका क्षेत्रात देऊन ठेवले आहे. १९५२ मध्ये आयसोनियाझिड हे क्षयावरील प्रभावी औषध आले. लवकरच काही रुग्णांच्या हातापायांची आग होऊ लागल्याचे दिसले. औषध ब-६ या जीवनसत्त्वाशी संयोग पावून ते मूत्रावाटे बाहेर नेते, हे कारण सापडले आणि १९५४ मध्ये उपायही सापडला. मद्रास येथे १९५६ मध्ये स्थापन झालेल्या क्षयरोग औषधोपचार केंद्राने भारतीय रुग्णांवर या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास १९६० च्या दशकात केला. कुपोषित, मद्यासक्त, गरोदर, मधुमेही वा एचआयव्हीबाधित अशा जोखमीच्या रुग्णांना आयसोनियाझिडबरोबर ब-६ द्यावे, हा आता सर्वमान्य नियम आहे. एवढेच नव्हे, तर क्षयरुग्णाच्या आहारासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये देण्याची योजना शासनाने चालविली आहे.

सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील पाड्यावरच्या रुग्णाच्या बाबतीत औषध आणि पोषण यांचा संबंध शासनाने तत्त्वतः स्वीकारलेला आहे, तर तोच संबंध सिडकोतील मधुमेही कामगाराच्या बाबतीत का मानू नये? असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून आरोग्य केंद्रांत मेटफॉर्मिन विनामूल्य मिळते, ही स्तुत्य गोष्ट आहे. परंतु ब-१२ ची तपासणी खासगी प्रयोगशाळेत करावयाची तर काही शे रुपये मोजावे लागतात. गोळी फुकट आणि तिच्या परिणामांची चौकशी पदरमोड करून, अशी विभागणी गरिबाच्या बाबतीत तपासणी न होण्यातच परिणत होते.

टॉनिक हा उपाय नव्हे

येथे एका धोक्याची सूचना देणे आवश्यक आहे. औषधांनी जीवनसत्त्वे घटतात असे ऐकताच दोन चुका होऊ शकतात. पहिली म्हणजे घाबरून औषधच बंद करणे. अनियंत्रित मधुमेह डोळे, मूत्रपिंडे आणि हृदय यांची जी हानी करतो, तिच्यापुढे ब-१२ ची उणीव किरकोळ आहे. आणि अपस्माराची गोळी अचानक थांबविणे तर प्राणघातक ठरू शकते. आगीतून निघून फुफाट्यात पडण्यात शहाणपण नाही.

दुसरी चूक म्हणजे दुकानात जाऊन हाती लागेल ते टॉनिक विकत घेणे. प्रत्येक उणिवेचा उपाय वेगळा आहे. ब-१२ जास्त झाले तरी सहसा अपाय करीत नाही. त्यामुळे दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्या शाकाहारी वृद्धाला डॉक्टरांनी ते तपासणीची वाट न पाहता सुरू केले, तर त्यात वावगे नाही. परंतु हा उदार नियम इतरांना लागू होत नाही. ब-६ दीर्घकाळ अतिरिक्त मात्रेत घेतले तर त्यानेच मज्जातंतूंना इजा होते. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे बिघडतात. केवळ फॉलिक आम्ल घेत राहिल्यास ब-१२ च्या न्यूनतेने झालेला रक्तक्षय झाकला जातो आणि मज्जातंतूंची हानी मात्र आतल्या आत चालू राहते. शिवाय त्याच्या मोठ्या मात्रेने फेनिटॉइनचा प्रभावही घटू शकतो. पोटॅशियमची गोष्ट तर अधिक नाजूक आहे. काही रक्तदाबाच्या गोळ्या ते घालवितात, तर टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या गोळ्या ते साठवून ठेवतात. दुसऱ्या प्रकारची गोळी घेणाऱ्या, मूत्रपिंडे क्षीण झालेल्या रुग्णाने शेजाऱ्याच्या सल्ल्याने रोज शहाळ्याचे पाणी वा पोटॅशियमचे औषध घेणे जिवावर बेतू शकते. बाजारातील बहुजीवनसत्त्वी गोळीला हा विवेक नसतो. तो माणसालाच ठेवावा लागतो.

आहाराचे महत्त्व येथेच आहे. नाशिकच्या पश्चिमेकडील डोंगराळ तालुक्यांचे पारंपरिक अन्न असलेल्या नागलीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. स्टिरॉइड घेणाऱ्या रुग्णाच्या ताटात नागलीची भाकरी आणि वाटीभर दही असणे हा साधा विचार आहे. अर्थात औषधाने पाडलेले मोठे भगदाड नुसत्या अन्नाने नेहमीच बुजेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. तेथे वैद्याचा सल्ला हवाच.

काय करावयास हवे

पहिली जबाबदारी आरोग्यखात्याची. जेथे मधुमेहाची गोळी मोफत दिली जाते, तेथे ती चार वर्षांहून अधिक काळ घेणाऱ्यांची, तसेच हातापायांच्या मुंग्यांची तक्रार करणाऱ्यांची ब-१२ तपासणी वर्षातून एकदा मोफत व्हावी. आणि जेथे ती शक्य नाही, तेथे निदान गोळी तरी सोबत दिली जावी. क्षयरोगासाठी जे तत्त्व स्वीकारले, त्याचा हा केवळ विस्तार आहे. त्यासाठी नव्या खात्याची वा समितीची गरज नाही.

दुसरी जबाबदारी औषधविक्रेत्यांची. २०१५ च्या औषधव्यवसाय विनियमांनी रुग्णाला औषधाविषयी समुपदेशन करणे हे नोंदणीकृत औषधनिर्मात्याचे कर्तव्य ठरविले आहे. गल्ल्यामागे बसलेल्या पदवीधराने ‘ही आम्लपित्ताची गोळी किती महिने चालू आहे?’ एवढे जरी विचारले, तरी त्या कायद्याचे सार्थक होईल. औषधाच्या वेष्टनातील माहितीपत्रक बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेले असते. ते ज्याच्यासाठी आहे त्याला वाचताच येत नसेल, तर ते छापण्याचा उपयोग काय? दीर्घकाळ घ्यावयाच्या मोजक्या औषधांची तरी अर्ध्या पानाची मराठी माहितीपत्रके प्रत्येक आरोग्य केंद्रात असावयास हवीत.

तिसरी जबाबदारी नाशिकच्या विद्यापीठाची. ही मराठी पत्रके सिद्ध करण्यास त्याच्याहून योग्य संस्था राज्यात दुसरी नाही. संलग्न महाविद्यालयांच्या परीक्षांत या विषयावर नेमाने प्रश्न येऊ लागले, तर विद्यार्थी तो वाचतील; आणि जे परीक्षेसाठी एकदा वाचले जाते, ते पुढे रुग्ण तपासताना आठवण्याचा संभव राहतो. पोषणशास्त्र आणि औषधशास्त्र ही दोन स्वतंत्र पुस्तके असली, तरी रुग्णाचे शरीर एकच आहे.

उरली ती खुद्द रुग्णाची जबाबदारी. ती फार मोठी नाही. आपण घेत असलेल्या सर्व औषधांची नावे व ती सुरू केल्याची वर्षे एका कागदावर लिहून काढावीत आणि पुढील खेपेस तो कागद डॉक्टरांपुढे ठेवून तीन प्रश्न विचारावेत. यांपैकी कोणते औषध आता थांबविता येईल? कोणत्या औषधामुळे कोणती उणीव संभवते? आणि ती पाहण्यासाठी कोणती तपासणी करावी? डॉक्टरांवर अविश्वास दाखविण्याचा हा प्रकार नव्हे. गर्दीच्या वेळी जे राहून जाते त्याचे स्मरण करून देण्याचा आहे. सुबुद्ध डॉक्टर त्याचे स्वागतच करील. दूध आणि वाणसामानाची वही ठेवणाऱ्या घराला औषधांची आणखी एक वही जड जाऊ नये.